फुलपाखरांचे बूट

शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असत आणि बराच वेळ वीजही नसे. माझ्या दवाखान्यातली शेक द्यायची दोन्ही मशीनं विजेवर चालणारी, त्यामुळे शुक्रवार माझाही सुट्टीचा वार. बाकी सहा दिवस मी लूमवाल्यांचे खांदे आणि कंबरा पाहायचे. बारा-बारा तास उभ्याने ड्युटी करणारी माणसं. त्यांना आराम करा म्हणून सांगायची मला सुरुवातीला भारी हौस होती. एकाने एकदा अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, मैं आराम करूँगा तो लूम कौन चलाएगा? आप?" त्यानंतर मी आरामाचं नाव काढलं नाही.

आमच्या घरात आधी कोणी डॉक्टरकीच्या वाटेला गेलेलं नव्हतं. वडील शाळेत हेडक्लार्क, काका पोस्टात. मी फिजिओथेरपी शिकले म्हणजे नक्की काय शिकले, हे आईला शेवटपर्यंत समजलं नाही. "म्हणजे मालिशच ना गं?" असं ती पाहुण्यांसमोर विचारायची आणि मी भडकायचे. भडकणं हा माझा मूळ स्वभाव. कोणी हुशार म्हटलं की विरघळणं हा दुसरा. पुढे जे झालं त्यात पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा हात जास्त होता.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. परदेशातून तीन फिजिओथेरपिस्ट स्वखर्चाने येणार, तीन आठवडे राहणार आणि खेड्यातल्या अपंग मुलांना फुकट तपासणार, असं एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना इंग्रजी येणारं, त्याच विषयातलं आणि गावोगाव हिंडायला तयार असणारं माणूस हवं होतं. मी एका पायावर तयार झाले. अंबाडीच्या पुढे, रस्त्यापासून आत एक गाव होतं, तिथल्या शाळेच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. भाताची झोडणी उरकलेली, लोक जरा मोकळे. पहिल्याच दिवशी जत्रा जमली. मुलं थोडी आणि गुडघे फार. गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी आपापले गुडघे आणले होते. गोऱ्या बाईने नुसता हात लावला तरी बरं वाटेल, असं एकीने मला सांगितलंसुद्धा.

त्या तिघांची प्रमुख पन्नाशी ओलांडलेली, उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. जमिनीवर मांडी घालून बसायला ती पहिल्याच दिवशी शिकली, आणि मूल तपासताना पुन्हा कधी खुर्चीवर बसली नाही. ती बोलायची ते मी मराठीत सांगायचे, लोक बोलायचे ते इंग्रजीत. माझ्या इंग्रजीचं तिने दोनदा कौतुक केलं. भिवंडीत माझ्या इंग्रजीचं कौतुक करायला कोण बसलं होतं? मी तीन आठवडे तरंगतच होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक बाई कडेवर मुलगी घेऊन आली. मुलगी पाच वर्षांची, म्हणजे कडेवर बसायचं वय केव्हाच मागे पडलेलं. तिचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. जन्मताना रडली नव्हती, आईने सांगितलं, आणि मग सगळंच उशिरा झालं. डोकं तल्लख होतं. बोलणं थोडं ओढत, पण नीट. पाय मात्र ताठ. धरून उभी केली की ती चवड्यांवर उभी राहायची. टाचा जमिनीला टेकतच नव्हत्या. मॅडमने तिला मांडीवर घेतलं आणि पोटऱ्या हळूहळू ताणायला सुरुवात केली. दहा मिनिटं ताणत राहिली. मग तिने मुलीला उभं केलं. टाच टेकली. क्षणभरच, पण टेकली.

आईचा एकच प्रश्न होता. "शालंत चालत जाईल का ती?"

शाळा म्हणजे आम्ही बसलो होतो तीच. तिच्या घरापासून बांधावरून आलं तर दहा मिनिटांची वाट. दीड वर्षाने पोरीला पहिलीत घालायचं होतं. गुरुजींनी नाही म्हटलं नव्हतं. पण पोरीला दिवसभर उचलायला माझ्याकडे माणूस नाही, तिला स्वतःला उठता-चालता आलं पाहिजे, असं म्हणाले होते.

मॅडमने पोरीच्या पोटरीवर बोट फिरवून दाखवलं. हाडं भराभर वाढताहेत आणि स्नायू मागे पडताहेत, ती म्हणाली. स्नायूंना रोज तासन् तास ताणून धरलं तर तेही वाढतील. हे वय तेवढ्यासाठीच आहे, पुढे नाही. वर्षभर पायात बूट घातले तर वॉकर धरून ही मुलगी स्वतःच्या पायांनी शाळेत येईल. मी हे शब्दन् शब्द सांगितलं. आईने पदराने पोरीचं नाक पुसलं आणि विचारलं, "बूट कवा देतील?"

बूट म्हणजे काही साधे बूट नव्हेत. पोटरीपासून बोटांपर्यंत पायाच्या मागून बसणारा प्लॅस्टिकचा साचा, पायाच्याच मापाचा, पट्ट्यांनी आवळायचा. आधी पायाचं प्लॅस्टरमध्ये माप घ्यायचं, मग प्लॅस्टिकची शीट तापवून मऊ करून त्या मापावर बसवायची. शीट त्यांनी तिकडून आणल्या होत्या, तापवायची छोटी भट्टीही आणली होती. पण ती आमच्या व्होल्टेजला चालेना. दिवा लागायचा, ऊब काही यायची नाही. शेवटी मी त्यांना भिवंडीत ओळखीच्या बेकरीत नेलं. बेकरीवाल्या चाचांनी टोस्टचे ट्रे बाजूला सारले आणि म्हणाले, "ले लो मॅडम, लेकिन कल मेरे टोस्ट में जूते की बू आएगी।" तरी दोन दुपारी त्यांनी भट्टी आम्हाला दिली. अकरा मुलांचे बूट तिथे झाले.

ह्या मुलीसाठी मॅडमने एक गुलाबी शीट राखून ठेवली होती. तिच्यावर पिवळी-निळी फुलपाखरं. तयार झालेले बूट मी हातात घेतले तेव्हा मलाच ते कुणाला देऊ नयेत असं वाटलं. त्या गावात कुठल्याच मुलीच्या पायात इतकी देखणी वस्तू नव्हती. माझ्याही पायात लहानपणी नव्हती.

बूट दिले त्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं. मॅडमने स्वतःच्या हाताने पट्ट्या लावून दाखवल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, हिला सांग, रोज घालायचे. उठल्यापासून. निदान सहा तास. आणि हेही सांग, की पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा हे बूट झिजून, घासून, फाटून गेलेले मला दिसले पाहिजेत. तसे दिसले तर मला फार आनंद होईल.

पहिला भाग मी नीट सांगितला. दुसऱ्याशी माझी जीभ अडली. चांगली वस्तू फाटली म्हणून आनंद होणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. वडिलांना शाळेतून मिळालेला कपबशांचा सेट आमच्याकडे वीस वर्षं खोक्यातच होता. कोणी मोठं माणूस येईल तेव्हा काढू म्हणून. मला वाटलं, असं सांगितलं तर ही माणसं पोरीला बुटांसकट चिखलात सोडतील, महिन्याभरात पट्ट्या तुटतील, आणि मॅडम तर विमानात बसून चालल्या. निस्तरायचं कोणी? मी. म्हणून ते वाक्य मी गाळलं आणि त्याच्या जागी माझ्या पदरचं घातलं. "जपून वापरा हं वहिनी. फॉरेनचे आहेत. पुन्हा मिळायचे नाहीत."

"सांगितलंस?" मॅडमने विचारलं.

"सांगितलं," मी म्हणाले.

ती माणसं गेली आणि पुढचं बघायचं काम माझ्याकडे आलं. ह्या घरी मी एक शुक्रवार आड जायचे. अंबाडीपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन, शेवटी थोडं चालणं. एवढं जायचं आणि घरात कोणी नसायचं, असं होऊ नये म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या वळणावरच्या किराणा दुकानात फोन करायचे, "सांगा, उद्या ताई येतेय." घर नुकतंच विटांचं केलेलं होतं. मुलीचा बाप पडघ्याकडच्या एका गोडाऊनवर टेम्पो चालवायचा. पुढच्या खोलीत नवा सोफा होता, त्याच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक तसंच. त्या प्लॅस्टिकवर मुलगी बसलेली असायची. वेणी घातलेली, तोंडाला पावडर, पायात फुलपाखरांचे बूट. मी दारातून आत आले की दोन्ही पाय उचलून दाखवायची. मला भरून यायचं. एवढी शिस्त तर शहरातल्या शिकलेल्या आयांनाही नसते, असं मी मनात म्हणायचे आणि त्याचं श्रेयही मनातल्या मनात मलाच द्यायचे.

"घालता ना रोज?" मी विचारायचे.

"घालते ना ताई," आई म्हणायची.

प्रश्नातच मी उत्तर भरून देत होते, हे आज कळतं. समोर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन उभी असलेली बाई पाहुणीला 'नाही' कशी म्हणणार? आणि मी तिथे पाहुणीच होते, फोन करून येणारी.

पायाचं माप मी दर महिन्याला घ्यायचे. टाच थोडी थोडी वर राहायला लागली होती. वहीत सगळं लिहिलेलं आहे, कुणी बघायला मागितलं तर नाही म्हणता येणार नाही. मी त्याला कारणं शोधली. उंची वाढतेय. पावसाळ्यात आई लावणीला गेली, व्यायाम राहिले. आजारच असा आहे. मे महिन्यात मुलीच्या काकाचं लग्न झालं, त्याचा अल्बम आईने मला कौतुकाने दाखवला. हळदीत, मांडवात, वरातीत, प्रत्येक फोटोत पोरीच्या पायात ते बूट. बायका वाकून बुटांकडे बघताहेत, असाही एक होता. मी म्हटलं, "वा!" सायबर कॅफेत जाऊन मॅडमला मेल केली, सोबत फोटो स्कॅन करून जोडले, आणि लिहिलं की कुटुंबाचं सहकार्य एक्सलंट आहे. तिने उत्तरात लिहिलं की असं काम करणारं माणूस तिला कुठल्याच देशात मिळालं नव्हतं. ती मेल मी छापून घेतली.

पुढच्या थंडीत मॅडम पुन्हा आली. पहिलं घर हेच घ्यायचं, असं तिने जीपमध्येच सांगितलं. मी सवयीप्रमाणे आदल्या दिवशी फोन केला होता. मुलगी सोफ्यावर होती, वेणी, पावडर, बूट. ह्या वेळी मात्र पाय उचलून दाखवले नाहीत. नुसती हसली. मॅडम खाली बसली आणि पट्ट्या सोडवायला लागली तेव्हा दिसलं की बोटं बुटाच्या पुढे अर्धा इंच बाहेर येऊन खाली दुमडली होती. घोट्यावर लाल वळ. बूट केव्हाच लहान झाले होते. माप घ्यायच्या आधी आईच ते काढून ठेवायची, नीट बसताहेत का हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पाहुणे येणार म्हणून ते कसेबसे चढवले होते, आणि पोर न रडता बसली होती.

मॅडमने बूट उलटा केला. तळवा कोरा. वर्षभर चालून सोडाच, नुसतं उभं राहूनसुद्धा जो झिजायला हवा, तो दुकानातल्यासारखा. चिकटणाऱ्या पट्टीत एक केस नाही, एक धागा नाही.

"हिला विचार," ती हळूच म्हणाली, "रोज किती वेळ घालते."

आणि मी पहिल्यांदाच तो प्रश्न नीट विचारला. "वहिनी, रोज किती तास घालता?"

"रोज?" तिला गंमत वाटली. "रोज घालून कसं व्हायचं? तुमी येता तवा घालते. लग्नात घातले, गणपतीत घातले, जत्रेला घातले."

"पण मी रोज सांगितलं होतं ना?"

"सांगलं व्हतं ना. पयले आठ-धा दिस घातले. मंग वाटलं, खालचा रंग घासंल. मना आठवलं, ताईंनी सांगलंय जपून वापरा, पुन्हा मिळायचे न्हाय. म्हटलं, पोर शालंत जाईल तवा खरे लागतील. तवर जपू. पयल्या दिशी नवेच्या नवे घालून जाईल." ती आत गेली आणि कपाटातून एक मलमलचं फडकं घेऊन आली. डांबरगोळ्यांचा वास आला. "ह्याच्यात गुंडालून ठेवते. बघा, एक ओरखडा न्हाय." ती हे मला सांगत नव्हती, मॅडमला सांगत होती. वर्षभर जी शाबासकी मिळायची वाट पाहिली, ती आता मिळणार म्हणून तिचा चेहरा फुलला होता.

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते?"

मला सगळं इंग्रजी येत होतं. प्रत्येक शब्द येत होता. मी म्हणाले, "म्हणते, तुटतील अशी भीती वाटली."

मॅडमने बूट जमिनीवर ठेवला. मग म्हणाली, हिला सांग, तिची चूक नाही.

मी सांगितलं. आई म्हणाली, "चूक? कसली चूक?" हसू अजून तोंडावरून पुरतं गेलं नव्हतं.

मग मला बाकीचं सांगावं लागलं. टाच आता खाली येत नाही. हे बूट लहान झाले, आणि नवे केले तरी बसणार नाहीत, कारण पाय तेवढा वाकतच नाही. एक वर्ष होतं, ते गेलं. आता ऑपरेशन. मी बोलत असताना तिने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा माझ्याकडे. नंतर ती खाली बसली आणि पोरीच्या घोट्यावरचा वळ अंगठ्याने चोळायला लागली.

"माजीच अक्कल कमी," ती म्हणाली.

नाही वहिनी, जपा असं मीच सांगितलं होतं, मॅडमने तसं सांगितलं नव्हतं. एवढंच बोलायचं होतं. मराठीत बोलायचं होतं, मॅडमला कळलंसुद्धा नसतं. मी गप्प राहिले. त्या एका बाबतीत मी माझा भडकू स्वभावही वापरला नाही. नेहमी नको तिथे तोंड उघडणारी मी, त्या दिवशी शहाण्यासारखी बसून राहिले. मुलगी आईला विचारत होती, "मंग मी शालंत कवा जाऊ?" त्याचं भाषांतर मॅडमने मागितलं नाही.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना मी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चांगलं समजावलं. टाचेमागची शीर कापून लांब करायची, काही आठवडे प्लॅस्टर, नंतर पुन्हा बूट आणि रोज व्यायाम, वर्षानुवर्षं. चालेल का, तर सांगता येत नाही. बापाने 'कापायची' एवढंच ऐकलं. कोन गावात त्यांच्या एका नातेवाइकाचं पायाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो पुढे काठीशिवाय चालला नाही. घरात बसून ठरलं की नको. मी त्यांच्या ओट्यावर उभी राहून ओरडले. अडाणी म्हणाले. सांगितलेलं कधी ऐकत नाही तुम्ही लोक, असंही म्हणाले. ज्या बाईने माझा शब्द फडक्यात गुंडाळून वर्षभर पाळला होता, ती तिथेच उभी होती आणि तिने मान खाली घातली.

जूनमध्ये पोर शाळेत गेली, आईच्या कडेवर. बांधावरून सकाळी नेऊन सोडायचं, मधल्या सुट्टीत जाऊन तिला बाहेर न्यायचं, संध्याकाळी आणायचं. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीत ती जड झाली आणि आईची कंबर धरली. काही दिवस मी मायलेकी दोघींवर उपचार करत होते. मग एका पावसाळ्यात आई पोरीसकट बांधावरून घसरली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. शेजारच्या मुलांची जुनी पुस्तकं ती घरी वाचायची. सहावीपर्यंतची वाचून काढली. घरात गुडघ्यांवर फिरायची, त्यामुळे गुडघ्यांना घट्टे पडले. मोठी होत गेली तसं बाहेरचं माणूस आलं की आतल्या खोलीत सरकायला लागली. माझ्यासमोर मात्र यायची.

मी जात राहिले. आता दर शुक्रवारी. पाय ताणायचे, निदान आहेत त्याहून आखडू नयेत म्हणून, पाठ बघायची, हातांचे व्यायाम घ्यायचे. मॅडमचं येणं दोन वर्षांनी थांबलं. भिवंडीत लोक म्हणायला लागले की बघा, फुकट एवढ्या लांब जाते. एका मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. ते घेताना मला लाज वाटली, पण घेतलं. लोकांना वाटायचं मी दयेपोटी जाते. खरं म्हणजे जायचं थांबवलं तर त्याचं कारण स्वतःला सांगावं लागलं असतं, म्हणून जात होते.

अशी सहा-सात वर्षं गेली. मुलगी तेरा वर्षांची झाली आणि माझ्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली. दवाखाना एका ओळखीच्या मुलीला दिला. तिला शुक्रवारच्या फेरीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, बघते. 'बघते'चा अर्थ मला चांगला कळतो. शेवटच्या शुक्रवारी मी त्या घरी दोन गोष्टी सांगायचं ठरवून गेले. एक, मी चाललेय. दुसरी, बुटांची. दुसरी जास्त अवघड वाटली म्हणून ती आधी उरकायची ठरवली. खरं सांगायचं तर मला मोकळं होऊन पुण्याला जायचं होतं.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले. "वहिनी," मी म्हणाले, "त्या बुटांचं सांगायचं होतं. मॅडमने जपून वापरा असं सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली होती, फाटेपर्यंत वापरा. जपून वापरा हे माझं होतं. मी माझ्या मनाने सांगितलं. चूक तुमची नव्हती कधी. माझी होती."

तिचा हात थांबला नाही. एक खडा उचलून तिने अंगणात टाकला.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला कळलं नाही मी काय म्हणतेय. "काय ठाऊक आहे?"

"ह्येच. त्या बाईंनी बुटाचा तलवा बघितला न त्यांचं तोंड उतरलं. तवाच कललं, ह्यांना झिजलेले बघायचे व्हते. आनि मी येवढं सांगलं तुमाला, जपा म्हटलं व्हतं, शालंसाठी ठेवले, सगलं. तुमी त्यांना येवढंसंच सांगलं." तिने बोटाचं पेर दाखवलं. "इंग्रजी मना येत न्हाय ताई. पन मोठं न बारीक कलते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत मला?"

आता तिने सूप खाली ठेवलं. रागावलेली नव्हती. एखाद्या पोराला समजावावं तसं ती म्हणाली, "बोलले असते तर तुमी यायच्या बंद झाल्या असत्या. मंग पोरीचे पाय कोनी वढले असते?"

ते खरं होतं. मी बंद झाले असते. पुढच्याच शुक्रवारी काहीतरी कारण निघालं असतं, मग आणखी एक, आणि पुन्हा मी त्या रस्त्याला फिरकले नसते. तिने मला त्या एका दुपारीच पुरतं ओळखलं होतं. मला टिकवायला तिने स्वतःवर आळ घेतला, माझं ओरडणं ऐकून घेतलं, दर शुक्रवारी पाणी आणि गूळ पुढे केला. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की मी त्यांना सांभाळून घेतेय.

आतून मुलगी गुडघ्यांवर सरकत आली. तिने स्वतःच सतरंजी ओढून अंथरली आणि पाय लांब करून पडली. मी तिचे पाय हातात घेतले, नेहमीसारखे ताणले, मोजून. ती छताकडे बघत कुठल्याशा धड्यातलं काहीतरी सांगत होती आणि मी हं हं करत होते. माझ्याकडे सांगायची अजून एक गोष्ट उरली होती. ती तोंडाशी दोन-तीनदा आली.

निघताना आई वळणापर्यंत सोडायला आली. असं ती सहसा येत नसे. "पुढल्या शुक्रवारी येता ना ताई?" तिने विचारलं.

"येते ना," मी म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आमच्या सामानाचा टेम्पो पुण्याला निघाला.